फोनवर चालणारी डॉक्युमेंट्री अमरावती-अकोल्यात पडद्यावर लावायला गेलं की काय काय आडवं येतं?

समजा, मूर्तिजापूरच्या एका पोरानं रात्री झोपायच्या आधी फोनवर 'नीरोज गेस्ट्स' पाहिली. दीपा भाटिया यांनी २००९ साली केलेली डॉक्युमेंट्री. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जातात, त्यांच्यासोबत कॅमेरा जातो. लांबी तासाभरापेक्षा थोडी कमी.

पोराला झोप येत नाही. कारण पडद्यावर दिसतो तो कापूस आपला, ती घरं आपल्याकडची, आणि बोलणाऱ्या बायांची भाषासुद्धा आपलीच. त्याला वाटतं, ही फिल्म गावातल्या लोकांनी एकत्र बसून पाहिली पाहिजे. सकाळी तो व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकतो, "अकोल्यात शो करू का?" पाच-सहा जण लगेच अंगठा दाखवतात. प्रोजेक्टर एकाच्या मामाकडं आहे. झालं की मग!

नाही. इथून पुढं खरी गंमत सुरू होते.

कारण जी फिल्म फोनवर एकट्यानं पाहायला कुणाचीच परवानगी लागत नाही, तीच शंभर लोकांना एका भिंतीवर दाखवायची म्हटली की मध्ये सेन्सॉर बोर्ड येतं, जिल्हाधिकारी येतात, पोलीस स्टेशन येतं, हॉलचा मॅनेजर येतो आणि रात्रीचे दहाही येतात.

फोनवर चालतं, मग पडद्यावर का नाही?

कारण दोन्हीला कायदे वेगळे आहेत. ऑनलाइन व्हिडिओंना २०२१ चे आयटी नियम लागू होतात. त्यात अपलोड करण्याआधी सेन्सॉरचा दाखला घ्या अशी अट नाही. पडद्याला मात्र १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा लागू होतो. लोकांना फिल्म दाखवायची तर तिला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचा, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचा दाखला पाहिजे. फिल्म फिचर असो की डॉक्युमेंट्री, तीन तासांची असो की पंधरा मिनिटांची, तिकीट लावा की फुकट दाखवा, फरक पडत नाही.

दाखला नसलेली फिल्म दाखवली तर याच कायद्याच्या कलम ७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिडिओ फिल्म असेल तर किमान शिक्षाही ठरलेली आहे, तीन महिने आणि २० हजार रुपये. आणि हे फक्त फिल्म बनवणाऱ्याला नाही. जो दाखवतो आणि जो आपल्या जागेत दाखवू देतो, तोही त्यात येतो. हॉलवाले का घाबरतात, त्याचं अर्धं उत्तर या एका वाक्यात आहे.

बरं, 'सार्वजनिक प्रदर्शन' म्हणजे नेमके किती लोक आणि कुठं, हे या कायद्यानं व्याख्या करून सांगितलेलं नाही. मित्राच्या हॉलमध्ये बसलेले बारा जण सार्वजनिक का? बुद्धविहारात जमलेली दीडशे माणसं? ग्रंथालयाचे चाळीस सभासद? ज्याला कार्यक्रम थांबवायचा असतो तो याचा एक अर्थ काढतो, ज्याला करायचा असतो तो दुसरा.

डॉक्युमेंट्रीला तरी यातून सूट असावी, असा वाद कुणी घातलाच नाही का? घातला होता. ख्वाजा अहमद अब्बास यांनी. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी शेजारी ठेवणारा 'अ टेल ऑफ फोर सिटीज' हा त्यांचा छोटा माहितीपट होता. मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं आहेत म्हणून त्याला 'ए' सर्टिफिकेट मिळालं आणि अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. १९७० मध्ये निकाल लागला. सिनेमाचा परिणाम लोकांवर इतर माध्यमांपेक्षा जास्त होतो, म्हणून तो आधी तपासणं घटनेला धरून आहे, असं कोर्टानं म्हटलं. आज प्रत्येकाच्या खिशात एक पडदा आहे, पण मोठ्या पडद्यासाठी पाया अजून तोच निकाल आहे.

मग दाखला घेऊन टाकायचा ना?

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो. पण दाखल्यासाठी अर्ज फिल्मवाल्यानं करायचा असतो. अकोल्यात बसून तुम्ही दुसऱ्याच्या फिल्मचा दाखला काढू शकत नाही.

आणि समजा फिल्म तुमचीच आहे. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यावर तुम्ही दोन वर्षं शूटिंग केलं, एडिटिंग मित्राच्या लॅपटॉपवर झालं. सेन्सॉर बोर्डाची देशात नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत, त्यातलं विदर्भात एकही नाही. आपल्यासाठी मुंबई. अर्ज आता ऑनलाइन होतो ही चांगली सोय आहे. पण फी आहे, कागदपत्रं आहेत, आणि समितीनं कट सुचवले तर त्यावर भांडायला वेळ आणि पैसा लागतो.

भांडल्यावर काय होतं? आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या अण्वस्त्रांवरच्या डॉक्युमेंट्रीला बोर्डानं २१ कट सांगितले होते. पटवर्धन मुंबई हायकोर्टात गेले आणि २००३ मध्ये एकही कट न देता फिल्म सोडवून आणली. पण पटवर्धन हे पटवर्धन आहेत. दर्यापूरच्या पोरानं काय करायचं? पूर्वी बोर्डाविरुद्ध अपील ऐकायला एक वेगळं न्यायाधिकरण होतं. २०२१ मध्ये ते बंद झालं. आता थेट हायकोर्ट.

म्हणून बरेच स्वतंत्र फिल्मवाले दाखल्याच्या भानगडीत पडतच नाहीत. फिल्म ऑनलाइन टाकतात किंवा फेस्टिव्हलला पाठवतात.

फेस्टिव्हलसाठी कायद्यात एक दार आहे. कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं. पण ती सूट मागायची दिल्लीकडं, आणि ती मिळेलच असं नाही. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या खुनांचा मागोवा घेणारी पटवर्धनांची 'विवेक' घ्या. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फेस्टिव्हलमध्ये तिला सर्वोत्कृष्ट डॉक्युमेंट्रीचा पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये केरळच्या सरकारी डॉक्युमेंट्री फेस्टिव्हलला मात्र ती दाखवायची सूट मिळाली नाही. शेवटी केरळ हायकोर्टानं परवानगी दिली आणि शो झाला. राज्य सरकार स्वतः आयोजक असताना कोर्टात जावं लागलं. इथं तर आपण सहा जण आणि मामाचा प्रोजेक्टर.

महाराष्ट्रात यावर एकदा मोठी लढाई झाली होती. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे मिफमध्ये, भारतीय फिल्मना सेन्सॉर दाखल्याची सक्ती करायचं घाटलं. परदेशी फिल्मना ती नव्हती. देशभरातले डॉक्युमेंट्रीवाले एकत्र आले आणि सक्ती मागं घ्यायला लावली. पण निवड झाली तेव्हा बऱ्याच बोचऱ्या फिल्म यादीतून गळालेल्या होत्या. मग त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा स्वतःचाच महोत्सव भरवला. मुंबईत असं करता येतं, कारण तिथं शंभर फिल्मवाले एका हाकेवर जमतात. वऱ्हाडात आयोजक म्हणजे एक शिक्षक, एक वकील, दोन विद्यार्थी आणि चहाचा खर्च करणारा एखादा डॉक्टर.

हॉलवाला म्हणतो, "लेटर आना, मंग पाहू"

आता आपण आपल्या शहरात येऊ. अमरावतीत संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आहे, अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे. ही मोठी नावं झाली. शिवाय शाळा-कॉलेजांचे, संस्थांचे, समाजांचे छोटे हॉल आहेत. नाटक, गॅदरिंग, सत्कार, वधू-वर मेळावा, सगळं इथं होतं. सिनेमाचं मात्र वेगळं आहे. १९५३ च्या महाराष्ट्र सिनेमा (नियमन) कायद्याप्रमाणे सिनेमा दाखवायच्या जागेला लायसन्स लागतं. टॉकीजला ते असतं, आपल्या जत्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजलाही घ्यावं लागायचं. सांस्कृतिक हॉलकडं ते असतंच असं नाही. कंपनीच्या कार्यक्रमात प्रोजेक्टरवर तासभर व्हिडिओ चालला तर हे कुणी विचारत नाही. डॉक्युमेंट्री म्हटली की आठवतं.

इथं माझा एक अनुभव सांगतो. कॉलेजात असताना आम्ही वऱ्हाडातल्याच एका शहरात शेतीवरची एक डॉक्युमेंट्री दाखवायचं ठरवलं. हॉलच्या मॅनेजरकाका भला माणूस. म्हणाले, "भाऊ, मले काई अडचन नाई. फक्त पोलीस स्टेशनचं लेटर आना, मंग पाहू." पोलीस स्टेशनला गेलो. तिथले साहेब म्हणाले, "हॉलमधल्या कार्यक्रमाचं असं लेटर आम्ही देत नसतो, ते हॉलवाल्यांनी पाहायचं." परत हॉलवर. काका म्हणाले, "मंग लिहून आना, का परवानगी लागत नाई म्हनून." परत स्टेशन. तोवर साहेब बंदोबस्ताला गेलेले. चार दिवसांनी ती तारीख एका साखरपुड्याला गेली.

यात कुणी 'नाही' म्हटलं का? नाही. कुणी बंदी घातली का? तीही नाही. आमच्याकडं दाखवायला एक कागदसुद्धा नव्हता, ज्यावर नकार लिहिलाय. आणि कागद नाही म्हणजे दाद मागायला जागा नाही.

परवानगी कुणाकडं मागायची याचंही दोन शहरांत दोन तऱ्हा. अमरावती शहराला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळं जमावबंदीसारखे आदेश पोलीस आयुक्त काढतात. पण अचलपूर-परतवाड्याला गेलात की ते अमरावती ग्रामीणमध्ये येतं, तिथं पोलीस अधीक्षक वेगळे आणि आदेशाचे अधिकार महसूलच्या दंडाधिकाऱ्यांकडं. अकोल्यात आयुक्तालय नाही, त्यामुळं शहरातसुद्धा जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक. अमरावतीत जमलेला अर्ज तसाच्या तसा अकोल्यात चालत नाही, तो इथंच.

त्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७. निवडणूक, सण, मोर्चे, काहीही निमित्त असलं की ३७ (३) खाली जमावबंदीचा आदेश निघतो. एका वेळी जास्तीत जास्त पंधरा दिवसांचा, पण संपला की पुन्हा निघू शकतो. पाचपेक्षा जास्त लोक जमू नयेत असं त्यात लिहिलेलं असतं. अशा आदेशांत बऱ्याचदा लग्न, अंत्ययात्रा, सभागृहातले कार्यक्रम यांना सूट असते, पण ती खालच्या परिच्छेदात असते आणि बातमीत फक्त 'जमावबंदी' एवढंच येतं. म्हणून आदेशाची पूर्ण प्रत मिळवून वाचा, हा पहिला फुकट सल्ला.

खरं सांगायचं तर मॅनेजरकाकांची भीती हवेतली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत मोर्चा आणि दुसऱ्या दिवशीचा बंद यानंतर दगडफेक, जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, दुकानदारांचं नुकसान झालं. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला. 'द केरला स्टोरी' या सिनेमावरून इन्स्टाग्रामवर झालेल्या वादाचं निमित्त झालं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे सिनेमा लागला टॉकीजमध्ये, भांडण झालं फोनवर आणि दगड पडले रस्त्यावर. अशा शहरात हॉलची काच फुटली तर भरून कोण देणार, हा काकांचा प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्याचं उत्तर फिल्म न दाखवणं हेच असतं का, यावर बोलायला हवं. कारण दंगलीची भीती सगळ्यात जास्त दाखवली जाते ती कर्जावर, जातीवर किंवा जमिनीवर बोलणाऱ्या छोट्या फिल्मना. जिथं चाळीस माणसं येणार असतात आणि त्यातली दहा आयोजकांची घरची असतात.

उघड्यावर दाखवू म्हटलं तर?

डॉक्युमेंट्रीची खरी जागा हीच आहे. पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' आठवा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलीस गोळीबारात दहा जण मेले, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेलं शूटिंग चौदा वर्षं चाललं, खैरलांजीपर्यंत आलं. फिल्म पूर्ण झाल्यावर जानेवारी २०१२ मध्ये तिचा भारतातला पहिला शो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला. ज्यांच्यावर फिल्म होती, त्यांच्या अंगणात.

आपल्याकडं हे करायचं तर हिशोब मांडून पाहा. फिल्म सुमारे तीन तासांची. तारीख धरा मे महिन्यातली, कारण शेतीची कामं कमी असतात. अकोल्यात सूर्य मावळतो सातच्या आसपास. पडद्यावर चित्र दिसण्याइतका अंधार व्हायला साडेसात. दिवसभर ४४-४५ अंशांत भाजून निघालेली माणसं जेवून, आंघोळ करून येणार, त्यांना आठ. स्वागत, हार, दोन शब्द म्हणत अध्यक्षांची वीस मिनिटं. फिल्म सुरू साडेआठला, संपणार साडेअकराला.

आणि लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद! २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. वर्षातले मोजके दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, पण ती सणासुदीला, जास्तीत जास्त पंधरा दिवस. त्यातला एखादा दिवस तुमच्या शोला जुळला तर नशीब. एरवी दोन रात्रींत फिल्म विभागावी लागते किंवा दीड तासानंतर आवाज कमी करून लोकांना पुढं सरकवावं लागतं. लाऊडस्पीकरची परवानगी पोलीस स्टेशनची, मैदानाची ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची, वीज शेजाऱ्याच्या घरची. लाईट गेली तर जनरेटर, जनरेटर लावला तर त्याच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत. सबटायटल इंग्रजीत असतील तर तो आणखी वेगळा गोंधळ. एखाद्यानं माइक घेऊन वऱ्हाडीत सांगत बसावं लागतं, आणि बाप्पा, कधी कधी तेच फिल्मपेक्षा रंगतं.

कॉलेजमध्ये दाखवायची असेल तर कॉपीराइट कायद्यात एक सवलत आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं यांच्यासमोर फिल्म दाखवली तर तो कॉपीराइटचा भंग धरत नाहीत. पण ही सवलत कॉपीराइटची आहे, सेन्सॉरची नाही, हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आणखी एक, यूट्यूबची लिंक हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावणं हे यूट्यूबच्या अटींत बसत नाही. तिथला वापर वैयक्तिक धरलेला आहे. दिग्दर्शकाला एक ईमेल केला तर बरेच जण आनंदानं फाईल आणि परवानगीचं पत्र पाठवतात. ते पत्र फाईलला लावा.

दाखला असला की सुटलो?

तेही नाही. पटवर्धनांच्याच 'राम के नाम'ला सेन्सॉरचं 'यू' सर्टिफिकेट आहे, १९९२ चा राष्ट्रीय पुरस्कार आहे. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या एका कॅफेत तिचा शो सुरू असताना काही लोकांनी येऊन तो बंद पाडला. पोलीस आले आणि गुन्हा दाखल झाला तो दाखवणाऱ्यांवर. पुण्यात ऑगस्ट २०१३ मध्ये, डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, फिल्म अर्काइव्हमध्ये 'जय भीम कॉम्रेड' दाखवल्यानंतर एफटीआयआयच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली.

कायदा यावर काय म्हणतो? इथं मात्र तो आयोजकाच्या बाजूचा आहे. १९८९ च्या रंगराजन खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की, मोर्चा निघेल, दंगा होईल अशा धमकीपुढं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दाबता येणार नाही. विरोध करणाऱ्यांना आवरणं हे सरकारचं काम आहे. २०१९ मध्ये तर पुढची पायरी झाली. 'भोबिष्योतेर भूत' हा सेन्सॉर पास बंगाली सिनेमा कुठलाही लेखी बंदी आदेश नसताना टॉकीजमधून एकाएकी उतरला होता. वरून निरोप आलाय, एवढंच टॉकीजवाले सांगत होते. सुप्रीम कोर्टानं पश्चिम बंगाल सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

आपल्या मॅनेजरकाकांच्या गोष्टीशी हे किती जुळतं बघा. फरक एवढाच की तो सिनेमा मोठा होता आणि दाखलेवाला होता. दाखला नसलेल्या फिल्मला या निकालाचा थेट आधार मिळणं अवघड आहे. पण कागद नसलेली बंदी ही सुद्धा बंदीच असते, हे कोर्टानं मान्य केलं, हे महत्त्वाचं.

म्हणून जे लोक वऱ्हाडात आजही शो करतात ते काय करतात, तर तोंडी काही करत नाहीत. हॉलचा अर्ज लेखी, पोलीस स्टेशनला माहितीचं पत्र लेखी, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलायचं नाही. पत्रात 'परवानगी द्यावी' असं न लिहिता 'कार्यक्रम आहे, कळावे' असं लिहिणारे वकील मी पाहिलेत. नोटीस आली तर ती कुठल्या कलमाखाली आहे ते आधी बघतात. नव्या कायद्यातलं १६८ म्हणजे पूर्वीचं १४९, ती पोलिसांची समज असते. १६३ म्हणजे पूर्वीचं १४४, तो आदेश असतो आणि तो मोडला तर गुन्हा होतो. आदेशाला नागपूर खंडपीठात आव्हान देता येतं. तारीख ठरवतानाच त्यासाठी मध्ये दोन आठवडे मोकळे ठेवतात. जाहीर पोस्टर लावण्याऐवजी नावनिशी निमंत्रण देतात, रजिस्टरवर सह्या घेतात, म्हणजे कार्यक्रम खाजगी होता असं म्हणायला जागा राहते. ती जागा किती भक्कम आहे, हे कायद्यात लिहिलेलं नाही, हे वर सांगितलंच.

आणि कधी कधी पडदाच सोडून देतात. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या मोदींवरच्या डॉक्युमेंट्रीच्या लिंक सरकारनं ऑनलाइन बंद करायला लावल्या होत्या. मुंबईच्या टिस संस्थेनं कॅम्पसमध्ये ती दाखवायला परवानगी नसल्याचं कळवलं. विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर लावला नाही. ते घोळक्या-घोळक्यानं बसले आणि लॅपटॉपवर पाहिली.

मूर्तिजापूरच्या त्या पोराकडं हा रस्ता आहेच. दहा फोन, दहा घरं, प्रत्येक ठिकाणी आठ-दहा माणसं. पण फिल्म संपल्यावर जी चर्चा व्हायला पाहिजे, कुणाचं कर्ज किती, बँकेनं काय केलं, शेजारच्या गावात काय झालं, ती दहा घरांत दहा वेगळी होईल. तेवढ्यासाठी तो अजून हॉलची तारीख मागतोय. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक पडलाय.